शिवेवरची हळद

हळदीचे बेणे आणि धान्याचे बियाणे यांत एक भेद आहे. तो ध्यानात घेतल्यावाचून एकोणीसशे अडतीस सालच्या पावसाळ्यात इब्राहीमच्या जिवाची जी तगमग झाली ती कोणाला उमगायची नाही. ज्वारीचे बी बुडाले तर शेजाऱ्याकडून ओंजळभर मागून आणता येते आणि पुढच्या सुगीला त्याची परतफेड करता येते. बेणे म्हणजे जमिनीत वाढलेला जिवंत कंद. तो दरसाल लावावा, दरसाल काढावा, त्यातलाच निवडून सावलीत पाल्याखाली जपावा आणि पुन्हा लावावा. एक हंगाम चुकला की त्या हळदीचा वंश बुडाला.

इब्राहीमच्या घरातले बेणे त्याच्या आज्यापासून चालत आले होते. त्याचे हळकुंड मोडले की आत पळसाच्या फुलासारखा केशरी रंग दिसे. वसमतच्या बाजारात ती हळद व्यापारी वासावरून ओळखीत. आज्याने मरताना सांगून ठेवले होते, की हळद वाटेल तितकी विका, पण बेणे घराबाहेर जाऊ देऊ नका. म्हणून ते दुसऱ्या कोणाकडेच नव्हते. या गोष्टीचा इब्राहीमला इतकी वर्षे अभिमान वाटत आला होता आणि आता तिचीच त्याला भीती वाटत होती. गेल्या साली हुमणीने, म्हणजे मातीत राहून मुळे कुरतडणाऱ्या अळीने, अर्धे बेणे खाल्ले. उरलेले सारे त्याने यंदा विहिरीजवळच्या लहान तुकड्यात लावले होते, आणि श्रावण लागता लागता तिथेही पाने पिवळी पडू लागली होती.

शिरड शहापूरहून औंढ्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून त्याची वाडी होती. त्या वाडीत या हळदीला एक मानही होता. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघे. गाडा म्हणजे हाताने ओढायची लहान लाकडी गाडी. तीत देवीचा टाक, हिरवी चोळी, सूप, केरसुणी आणि घरोघरचा उतारा ठेवून ती वाजतगाजत शिवेवर नेत, आणि तिथून पुढचे गाव ती आपल्या शिवेपर्यंत नेई. त्या गाड्याच्या चाकांना लावायची हळद इब्राहीमच्या घरची असे. देवी हिंदूंची आणि हळद मुसलमानाची, हे कसे, असा प्रश्न तिथे कोणाला पडत नसे. पटकी कधी घरे निवडून आली नव्हती.

विश्वंभर आला तो अशा वेळी. तो वसमतचा राहणारा, परभणीला शेतकी खात्यात पिकांवरच्या किडी तपासण्याच्या कामावर होता. अंगाने काटकुळा, बोलण्यात अखंड. समोरच्याने आपले म्हणणे मान्य केले तरी तो वाद सोडीत नसे, कारण ते योग्य कारणासाठी मान्य झाले आहे की नाही याची त्याला शंका राही. बैलगाडीतून त्याने तोंडाला फडके बांधलेली दोन मडकी आणली होती. इब्राहीमकडे निंदणीला येणारी भिकाबाई बांधावर होती. तिने एक मडके डोक्यावर घेतले आणि दुसरे काखेत धरून विहिरीजवळच्या छपरात आणून ठेवले.

विश्वंभरने फडके सोडले. आत शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या होत्या, आणि त्यांवर ओल्या भिंतीवरच्या शेवाळासारखी हिरवी बुरशी दाट धरली होती.

"औषध हाय का हे?" इब्राहीमने विचारले.

"नाही. इब्राहीमभाई, नीट ऐका. औषध किड्याला मारतं आणि संपतं. हे किड्याला मारतं आणि वाढतं. हा रोग आहे. मी तुमच्या शेतात हुमणीची साथ घेऊन आलो आहे."

"अगं बया!" भिकाबाई दोन पावले मागे सरली. "अन् मला डोक्यावर घ्यायला लावलं व्हय?"

"तुला काही होत नाही. तू काय हुमणी आहेस?"

"ते माझ्या सासूला इचारा."

इब्राहीमची बायको खतीजाबी छपराच्या खांबाला धरून उभी होती. ती मात्र हसली नाही. "हुमणी संपल्यावर ह्यो रोग जातो कुटं?"

"मातीत झोपून राहतो."

"अन् जागा होऊन लेकरायकडं वळला तर?"

विश्वंभरने उत्तरादाखल बाही वर केली, मडक्यात बोटे घालून हिरवी भुकटी काढली आणि आपल्या मनगटापासून कोपरापर्यंत चोळली. मग कण्या हुमणीवर कशा काम करतात ते त्याने सांगितले, आणि खतीजाबीने विचारल्याही नव्हत्या त्या शंकांचे निरसन केले. इब्राहीमला त्यातले निम्मे कळले. पण ज्या माणसाने औषध म्हणून वेळ मारून न नेता रोगाला रोग म्हटले, त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही, एवढे त्याने मनाशी ठरवले.

अडचण एकच होती. पावसाने उघडीप दिली होती आणि माती कोरडी पडली होती. ओल असल्यावाचून बुरशी मातीत धरत नाही. तेव्हा पाऊस पडला की त्याच दिवशी कण्या शेणखतात कालवून हळदीच्या मुळाशी घालायच्या, पण फक्त अर्ध्या तुकड्यात. उरलेला अर्धा तसाच राखायचा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. तोवर मडकी सावलीत ठेवायची, ऊन लागू द्यायचे नाही. पोळा झाला की मी येतो, असे सांगून विश्वंभर गेला.

मडक्यांची बातमी वाडीभर करायला भिकाबाई एकटी पुरेशी होती. पारावर लोकांनी इब्राहीमला खोदून विचारले, तेव्हा त्यानेही लपवले नाही. "व्हय, रोगच हाय," तो म्हणाला, "पण किड्याचा." लोक हसले आणि विषय तिथेच राहिला.

पाऊस येण्याआधी पटकी आली. दोन कोसांवरच्या गावात माणसे आजारी पडल्याचे कळले, आणि मग एका सकाळी भिकाबाई निंदणीला आली नाही. तिला उलट्या होत होत्या आणि हातापायांत गोळे येत होते. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला. तिच्या सासूने अंगणात बसून एकच वाक्य धरले होते, "डोक्यावर घेतलं वं तिनं, डोक्यावर घेतलं."

वाडीने गाडा काढायचे ठरवले. दिवस कलला तेव्हा रुख्मिणीबाई इब्राहीमच्या दारात आली. गाड्यात काय घालायचे आणि काय नाही, हे ती ठरवी. तिच्या सासूकडून हे काम तिच्याकडे आले होते. पाठीत वाकलेली होती, तरी देवीचा टाक उचलताना तिचा हात कापत नसे. इब्राहीमने चाकांसाठी हळद कालवून ठेवलीच होती. तिने ती घेतली, पण ती उठली नाही.

"इब्राहीम, तुझ्या छपरात रोग हाय का न्हाई?"

"हाय मावशी. पण किड्याचा."

"कोणाचा ते म्या इचारलं न्हाई. गाड्यात बाळंतिणीचा ताप जातो, बैलाचा खुरकूत जातो, कोंबड्याची मानमोडी जाती. मंग किड्याचा काहून ठिवायचा?"

इब्राहीमने उत्तर शोधले. विश्वंभर असता तर त्याला कदाचित सापडले असते, निदान त्याने ते शोधता शोधता संध्याकाळ केली असती. पण इब्राहीम लहानपणापासून त्या गाड्याला हळद लावत आला होता, आणि त्या गाड्याच्या नियमाने पाहता म्हातारीच्या बोलण्यात कुठेच खोट नव्हती. गावातला रोग शिवेबाहेर घालवायचा असेल तर तो सगळा घालवला पाहिजे. एक रोग दारातून काढायचा आणि दुसरा छपरात राखायचा, याला गाडा काढणे म्हणत नाहीत.

"मावशी, तुमाला ठावं हाय का? ते गेलं तर माझं बेणं गेलं. घरात दुसरं न्हाई. कुटंच न्हाई."

"ठावं हाय. तुझ्या आज्यानं मला बी दिलं न्हवतं," रुख्मिणीबाई म्हणाली. त्यात टोमणा होता, पण आवाजात नव्हता. "म्या बळजबरी करत न्हाई. हिसकून घेतलेलं गाड्यात चालत बी न्हाई. तूच सांग."

ती ओट्यावर बसून राहिली. इब्राहीम छपरात गेला. मडक्यांतल्या कण्या त्याने चाचपून पाहिल्या. ओलसर, थंड, मऊ. बेणे जगायचे तर याच्यावर जगणार होते. त्याने हळदीचे एक पान तोडून आणले होते, कशासाठी ते त्याने स्वतःलाही सांगितले नव्हते. मडक्यातली मूठभर हिरवी भुकटी त्याने त्या पानावर काढली. एवढीशी मागे राहिली तर कोणाला कळणार होते? खतीजाबी पाठीमागे येऊन उभी राहिली होती. छपराला लागूनच भिकाबाईचे घर होते, आणि मधल्या भिंतीपलीकडून तिची ओकारी ऐकू आली. पोटात काही उरले नसताना येते तशी, कोरडी.

गाड्यात देताना मागे काही राखले, तर ज्याच्यासाठी गाडा निघाला त्याच्याकडे रोग उलटतो, असे म्हणतात. इब्राहीमचा त्यावर कितपत विश्वास होता, हे त्याला आजवर ठरवावे लागले नव्हते. त्याने पान उलटे करून मडक्यात झटकले, ते पानही आत टाकले आणि फडके आवळून बांधले. दोन्ही मडकी त्याने स्वतः उचलून गाड्यात ठेवली. गाडा ओढणाऱ्यांनी शिवेवर तो पुढच्या गावाच्या स्वाधीन केला, ओढ्यावर अंघोळ केली आणि मागे न पाहता सारे परत आले.

दुसऱ्या दिवशी भिकाबाईच्या पोटात पेज टिकली. तिला खरोखर पटकी झाली होती, की आदल्या दिवशीची आंबलेली भाकरी बाधली होती, हे सांगणे कठीण आहे. वाडीपुरता त्याचा निकाल लागला होता. त्यानंतर पाऊसही आला, झडीचा, माती पुरती भिजवणारा. इब्राहीम छपरात बसून त्या पावसाकडे पाहत राहिला. पिवळेपण तुकड्यात एकेका सरीने पुढे सरकत होते. पिवळे पान ओढले की झाड मुळाशी न अडता हातात येई.

पोळा झाल्यावर विश्वंभर आला. छपरात मडक्यांची जागा रिकामी पाहून आधी त्याला आनंद झाला, कारण कण्या मातीत गेल्या असे त्याला वाटले. खरे कळल्यावर तो त्या रिकाम्या जागेजवळ खाली बसला.

"तुम्ही दिलीत? स्वतःच्या हातानं?"

"दुसऱ्याच्या हातानं दिली तर चालत न्हाई."

"चूक माझी आहे. मी रोग म्हणायलाच नको होतं. औषध म्हटलं असतं तर ही वेळ आली नसती."

"तर तुमी खोटं बोलले असते, साहेब."

विश्वंभरने बोटांवर दिवस मोजले. त्याने हिशेब मांडला. परभणीला नव्या कण्या लावून त्यांवर बुरशी धरायला महिना जाईल, आणि तोवर हुमणी पोट भरून खोल मातीत उतरलेली असेल. बेणे तेव्हा उरणार नाही. त्याने विचारले, "गाडा आता कुठे आहे?" इब्राहीमला ते ठाऊक नव्हते. गाडा कुठे गेला हे कोणी विचारीत नाही.

दोघे त्याच्या मागावर निघाले. पुढच्या गावातल्या लोकांनी सांगितले की आम्ही तो दुसऱ्याच दिवशी पुढे लावला. त्यापुढच्या गावानेही तो ठेवून घेतला नव्हता, पण त्यांच्या शिवेवरच्या ओढ्याला त्या दिवशी पूर आला होता. पलीकडचे गाव म्हणे, गाडा आमच्या काठाला आणून द्या, मग आम्ही घेतो. अलीकडचे म्हणे, शीव ओढ्याच्या मधोमध आहे, तुम्ही मधे येऊन घ्या. पाणी उतरेपर्यंत भांडण चालले आणि पाणी उतरल्यावर दोन्हीकडच्या लोकांना निंदण्यांची आठवण झाली. गाडा अलीकडच्या काठावर, शंकरसिंगाच्या शेताच्या कोपऱ्यात, कडुनिंबाखाली राहिला.

शंकरसिंग भरघोस मिशांचा, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. तो म्हणाला, "ठेवून गेले. आता मी काय देवीला म्हणू, की बाई, जरा सरक?"

गाड्याचे एक चाक चिखलात रुतले होते आणि गाडा त्या अंगाला कलंडला होता. चोळीचा रंग पावसाने उतरला होता. दोन्ही मडकी घसरून फुटली होती. कण्यांचा मागमूस नव्हता, पावसाने त्या मातीत मुरवल्या होत्या.

"एक नवल सांगतो," शंकरसिंग म्हणाला. "ह्या निंबावर जेठात भुंगेरे बसतात, त्यांच्या अंड्यांतून हुमणी होते, अन् ह्या कोपऱ्यातली ज्वारी दरसाल मुळापासून वाळते. यंदा अशीच वाळत चालली होती. आता पाहा, थांबली."

विश्वंभर खाली बसला आणि हातांनी माती उकरू लागला. थोड्याच वेळात त्याने काहीतरी तळहातावर घेऊन इब्राहीमपुढे धरले. हुमणीच होती ती, तशीच अर्धगोल वाकलेली. पण तिच्या अंगावर हिरवी भुकटी चढली होती, आणि बोटाने टोचल्यावर ती खडूसारखी कडक लागली. इब्राहीमने स्वतः उकरले. आणखी सापडल्या. काही पांढऱ्या पडल्या होत्या, काही हिरव्या. विश्वंभर चिखलात फतकल मारून बसला होता आणि त्याचे डोळे भरले होते. एवढी वर्षे ज्या गोष्टीसाठी तो लोकांशी वाद घालत आला, ती त्याला कोणाशीही वाद न घालता मिळाली होती, आणि ती नेमकी चुकीच्या शेतात.

"टोपली आणा," तो उठत म्हणाला. "ही माती भरून आत्ताच घेऊन जाऊ. आज संध्याकाळी तुमच्या हळदीत पडेल."

इब्राहीम हलला नाही. "गाड्यातलं परत नेत न्हाईत, साहेब."

"ही माती आहे! गाडा तो तिथे आहे."

"मातीत काय हाय ते तुमीच दाखवलं."

"भिकाबाई बरी झाली ना? मग आता कसली भीती?"

"म्हणूनच," इब्राहीम म्हणाला. "बरी झाली म्हणूनच. तिच्यासाठी दिलं, अन् ती उठून बसल्यावर माघारी घ्यायचं?"

"कोण पाहतंय?"

"शंकरसिंग पाहून राहिला. अन् म्या बी."

विश्वंभरने डोके धरले. इब्राहीम मात्र त्या कोपऱ्याकडे पाहत होता. ओढ्याची ओल, निंबाची विरळ सावली, काळी भुसभुशीत माती. हळदीला याहून काय हवे असते? त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"गाडा गावात येत न्हाई," तो स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. "बेणं गावाभाईर यायला कोणाची मनाई हाय?"

विश्वंभरला ते उमगायला थोडा वेळ लागला. भर भाद्रपदात वाढती हळद उपटून दुसरीकडे लावायची! त्याने तिथल्या तिथे तीन आक्षेप घेतले. झाडे सुकतील. मुळांच्या मातीबरोबर हुमणीही येईल.

"येऊ द्या की. तिलाच तर रोग द्यायचा हाय."

तिसरा आक्षेप विश्वंभरच्या जिव्हाळ्याचा होता. "मग सिद्ध काय होणार, इब्राहीमभाई? अर्धा तुकडा कण्यांचा, अर्धा बिनकण्यांचा, असं ठरलं होतं. हळद जगली तर ती बुरशीनं जगली की नव्या मातीनं, हे कोण सांगणार?"

इब्राहीमने शंकरसिंगाकडे पाहिले. शंकरसिंगाने मिशीवरून हात फिरवला.

"कोपरा घ्या. माझी ज्वारी तशीही तिथं उरली किती? पण एक बोलतो. हळद निघाल्यावर मला ह्या बेण्यातलं थोडं द्यायचं. तुमच्या हळदीचं नाव ऐकून आहे."

इब्राहीमला आज्याचा शब्द आठवला. बेणे घराबाहेर जाऊ द्यायचे नाही. पण ते आता जाणारच होते, सगळेच्या सगळे, आणि आज्याने कोणाला दिले असते तर आज ते कुठेतरी असते. "देतो," तो म्हणाला. म्हणायला त्याला बरेच कष्ट पडले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने व खतीजाबीने अजून हिरवी असलेली झाडे मुळांच्या मातीसकट खणायला घेतली. रुख्मिणीबाई काठी टेकीत बांधावर आली, सगळे विचारून घेतले आणि म्हणाली, "भाईर जाऊन राहिलं, आत तर येत न्हाई. जाऊ द्या." ती तिथेच बसून पानांनी मातीचे गड्डे बांधून देऊ लागली. मग भिकाबाई आली. अजून तिच्या गालांची हाडे दिसत होती. इब्राहीम तिला नको म्हणाला.

"काहून नको? तुमी माझ्यासाठी मडकी दिली, भाईजान. म्या काय टोपलं बी उचलू नये?" ती चुंबळ डोक्यावर ठेवत म्हणाली. "अन् ह्या बारीला सासूला सांगून आले. न्हाईतर पुन्ना अंगणात बसून वरडती."

विश्वंभर टोपली वाहता वाहता अजूनही बोलत होता. यातून काहीच सिद्ध होणार नाही, हे त्याने खतीजाबीलाही समजावून सांगितले.

"जगली हे तर सांगता यील?" तिने विचारले.

"ते येईल."

"मंग चला."

निंबाखाली लावलेली सगळीच हळद जगली नाही. काही झाडांनी माना टाकल्या. विहिरीजवळच्या तुकड्यात जी पिवळी म्हणून सोडली होती, ती दसऱ्यापर्यंत मुळासकट गेली. शिवेवरची मात्र कार्तिकात नवी पाने काढू लागली. इब्राहीम अधूनमधून तिकडे जाई, गाड्याला हात न लावता त्याच्याभोवतीचे तण काढी आणि शंकरसिंगाच्या ओट्यावर चहा पिऊन परते. हिवाळ्यात पाने वाळली आणि माघात कंद काढायचा दिवस ठरला.

कंद लहान होते, पण निरोगी. इब्राहीमने पहिले हळकुंड मोडून पाहिले. रंग तोच होता, पळसाचा. खतीजाबीने ते त्याच्या हातातून घेऊन नाकाशी धरले आणि पदराने डोळे टिपले. शंकरसिंगाचा वाटा इब्राहीमने सर्वांआधी काढला, आणि तो मोजला नाही, नुसता भरून दिला. उरलेला ढीग टोपल्यांत भरला आणि तिथे सारे थांबले, कारण आता प्रश्न उलटा झाला होता. बेणे वाडीत न्यायचे होते, आणि ते तर गाड्याच्या मातीत वाढलेले.

रुख्मिणीबाईला बैलगाडीत बसवून आणले होते. तिने ढिगाकडे पाहिले.

"गाडा वढणारी माणसं परत येतात का न्हाई? अंघोळ करून येतात. मंग हळदीला अंघोळ घाला. वढा हाय की."

इब्राहीमने टोपलीला हात घातला. पण लगेच त्याने विश्वंभरकडे पाहिले आणि सर्वांदेखत विचारले, "साहेब, खरं सांगा. धुतल्यावर रोग समदा जाईल का?"

विश्वंभरला हो म्हणता आले असते. त्या क्षणी हो म्हणणे सोपे होते, आणि ते बहुतांशी खरेही ठरले असते. "नाही," तो म्हणाला. "कंदाच्या बेचक्यांत थोडा राहीलच. खरं सांगायचं तर तो राहावा असंच मला वाटतं."

रुख्मिणीबाई काठीवर हनुवटी टेकून विचार करीत होती. तिच्यासमोर भिकाबाई ढिगाशेजारी बसली होती, कोपरापर्यंत मातीने माखलेली, आणि पाठ खाजवायला कोणाचा हात मोकळा आहे ते पाहत होती.

"ज्याच्यासाठी गाडा निघाला, ती ही," म्हातारी अखेर म्हणाली. "तिला इचारा. भिकीच्या डोक्यावरून आलं तर वाडीत यील. दुसऱ्या कोणाच्या न्हाई."

बेणे ओढ्यात धुऊन झाले. ओली टोपली इब्राहीमने दोन्ही हातांनी उचलून धरली. भिकाबाई चुंबळ नीट करून उभी राहिली, पण तिने मान खाली केली नाही.

"मागच्या बारीला न सांगता ठिवलं होतं. ह्या बारीला आधी सांगा, आत काय हाय?"

"बेणं हाय," इब्राहीम म्हणाला. तिला दिसावे म्हणून त्याने टोपली खाली केली. "अन् थोडा रोग बी हाय."

भिकाबाईने टोपलीत डोकावून पाहिले. ओढ्याच्या पाण्याने कंद उजळून निघाले होते.

"द्या मंग," ती म्हणाली आणि तिने मान खाली केली.